नालबंद मारेनची पाठ

मारेनचा ट्रक अंगणात येऊन थांबला की कॉरीन हातातलं काम सोडून कान देऊन बसायची. पूर्वी इंजिन बंद व्हायच्या आतच ट्रकचं दार धाडकन उघडायचं, आणि "आई, कॉफी आहे का, की तीही मीच करू?" अशी आरोळी स्वयंपाकघरापर्यंत पोचायची. या वसंतात तसं होत नव्हतं. इंजिन थांबायचं, उधळलेल्या कोंबड्या पुन्हा दाणे टिपायला लागायच्या, आणि दार बंदच राहायचं. त्या मधल्या शांततेत पोरगी आत काय करत असेल? फोन बघत असेल, की सीटच्या कडेला धरून, दात आवळून, खाली उतरायचं बळ गोळा करत असेल? मग कधीतरी दार हळूच उघडायचं, आधी डावा पाय जमिनीला लागायचा, आणि मारेन दाराला धरून उभी राहायची. खिडकीत आई दिसली की लगेच दार सोडून द्यायची.

तेच कॉरीनच्या मनात सलत होतं. दुखणं लपवायला लागलेली मुलगी म्हणजे दुखणं वाढलेली मुलगी, हे तिला एकतीस वर्षांच्या आईपणानं शिकवलं होतं.

कॉरीन टोलेफ्सन गावातल्या हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवायची. तिच्या वर्गाच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा सांगाडा टांगलेला असे, आणि मणक्यांचा धडा आला की ती छडीनं एकेक मणका मोजून दाखवायची. नवरा व्हर्लिन मका आणि सोयाबीन पिकवायचा. दोघांची एकच मुलगी, आणि ती नालबंद. घोड्यांचे खूर तासायचे, भट्टीत नाल तापवायचे, ऐरणीवर ठोकून मापाचे करायचे आणि खिळ्यांनी बसवायचे, हा तिचा धंदा. वडिलांच्या यंत्रांच्या शेडमध्ये तिनं आपली भट्टी मांडली होती. राहायला रस्त्याच्या पलीकडे वेगळं घर असलं तरी सकाळ-संध्याकाळ ती इथेच असायची आणि कामाचे बूट मागच्या दाराशी काढून ठेवायची.

विद्यापीठात पशुविज्ञान शिकायला गेलेली ही मुलगी एका वर्षात घरी परतली आणि म्हणाली, "मला घोड्याचं पुस्तक नको, घोडा हवाय." शिक्षिकेच्या मुलीनं पदवी सोडली म्हणून चर्चच्या तळघरात प्रार्थनेनंतरच्या कॉफीच्या टेबलाशी बायका कॉरीनकडे सहानुभूतीनं बघायच्या. मारेन नालबंदीच्या शाळेत गेली, हातांवर भाजल्याचे डाग आणि स्वतःची ऐरण घेऊन परत आली. सुरुवातीला लोक तिच्या ट्रकमध्ये डोकावून विचारायचे, "पोरी, तुझे वडील कुठायत? नाल कोण मारणार?"

"वडील शेतात आहेत," ती सांगायची. "घोडा धरायला माणूस कमी पडला तर बोलावते त्यांना."

तिचं नाव झालं ते एनॉस बोंट्रेगरच्या घोडीमुळे. एनॉस आमिश, जुन्या चालीनं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातला. ते लोक अजून मोटार ठेवत नाहीत, घोड्यांनी नांगरतात, बग्गीतून बाजाराला जातात. त्यामुळे त्यांच्याकडे नालबंदाची गरज कधी संपत नाही. एनॉसची बेस नावाची बेल्जियन घोडी म्हणजे नुसता डोंगर. आधीच्या नालबंदाला तिनं भिंतीवर फेकलं होतं. लांब दाढीचा एनॉस मारेनला म्हणाला होता, "तू बाईमाणूस. तुला काही झालं तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?" मारेननं सकाळभर घोडीला हातच लावला नाही. फक्त शेजारी उभी राहिली, आपलं खाणं तिथेच खाल्लं, अधूनमधून खांद्यावरून हात फिरवला. दुपारी बेसनं आपणहून एका पायावरचा भार काढला, तेव्हा मारेननं तो पाय उचलून मांडीत घेतला. एनॉसची बायको आतून लोणी लावलेला गरम पाव घेऊन आली. आमिश घरांत टेलिफोन नसतो, तरी पुढच्या रविवारपर्यंत ही गोष्ट जिल्ह्यातल्या सगळ्या आमिश तबेल्यांत पोचली होती. त्यानंतर मारेनला काम शोधायला जावं लागलं नाही. जत्रेच्या मिरवणुकीत सहा बेल्जियन घोड्यांची गाडी रस्त्यावरून जाते, चोवीस नाल एका तालात वाजतात, तेव्हा कॉरीन शेजारच्या अनोळखी बाईलासुद्धा सांगायची, "हे नाल माझ्या मुलीनं बसवलेत हं." व्हर्लिन टोपी डोळ्यांवर ओढून म्हणायचा, "अगं, तिनं विचारलं का तुला?" पण हसू त्याच्याही ओठांवर असायचं.

पण नालबंदाचा धंदा पाठ खातो. कमरेत वाकायचं, घोड्याचा पाय गुडघ्यांत धरायचा, आणि घोडा आळशी असला तर तो आपला भार खुशाल तुमच्यावर टाकून डुलकी घेतो. पाच-सहा वर्षांपूर्वी मारेनची पाठ अशी धरली की ती तबेल्याच्या जमिनीवर आडवी झाली आणि तिथेच पडून राहिली. कॉरीन तिला मोठ्या शहरातल्या इस्पितळात घेऊन गेली. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. पाठीचे फोटो काढले, मणक्यांमधली गादी थोडी फुगलीय म्हणाले, गोळ्या दिल्या, विश्रांती सांगितली, आणि जाता जाता म्हणाले, "दुसरं एखादं काम बघा."

"दुसरं म्हणजे कसलं?" मारेननं विचारलं.

"बसून करायचं."

परतीच्या रस्त्यावर मक्याची शेतं मागे पडत होती. मारेन म्हणाली, "त्यांनी माझ्या पाठीचा फोटो पाहिला, आई. मी काम कसं करते ते एकदाही विचारलं नाही."

कॉरीनला डॉक्टरांचं म्हणणं चुकीचं वाटलं नव्हतं. पण मुलीचा चेहरा बघून ती ते बोलली नाही.

मग मारेन गेली डॉक लिंडमनकडे. डेल्मर लिंडमन हे कायरोप्रॅक्टर. हातांनी मणके दाबायचे, सरकवायचे, कटकन आवाज काढायचा आणि माणसाला सरळ उभं करायचं. ही विद्या अमेरिकेतल्या याच आयोवा राज्यात, खाली नदीकाठच्या गावात जन्मली, आणि डॉक तिथेच शिकून आलेले. धान्याच्या उंच कोठाराशेजारी त्यांचं ठेंगणं पांढरं घर. आधी तिथे त्यांचे वडील हेच करायचे. इथल्या लोकांची रीतच आहे: पेरणीआधी ट्रॅक्टरचं तेल बदलायचं आणि डॉककडे जाऊन कंबर बसवून यायची, कापणी झाली की पुन्हा एकदा. व्हर्लिन जातो, त्याचे भाऊ जातात, पाद्रीबाईसुद्धा जातात. दाराशी चिखलाच्या बुटांची रांग, आत मोजे घातलेली माणसं मासिकं चाळत बसलेली. फक्त कॉरीन कधी गेली नाही. चर्चच्या कॉफीला डॉक तिला हमखास गाठायचे. "मास्तरीणबाई, तुमचा तो वर्गातला सांगाडा एकदा पाठवा माझ्याकडे. खिडकीतून पाहिला मी, मान वाकडी आहे त्याची."

"त्याला फरक पडला तर मीही येईन, डॉक," कॉरीन म्हणायची.

पण मारेनच्या वेळी डॉक थेट शेडमध्ये आले होते. म्हणाले, "आधी काम दाखव." बादली पालथी घालून बसले आणि मारेन वाकते कशी, पाय कुठे ठेवते, ऐरण किती खाली आहे, सगळं बघत राहिले. ऐरणीखाली लाकडाचा ठोकळा घालायला लावला. घोड्याचा पाय टेकवायला लोखंडी तिवई करवून घेतली. दोन अवजड घोडे एका दिवशी घ्यायचे नाहीत, अशी ताकीद दिली. मग सगळा उन्हाळा दाबणं, सरकवणं, व्यायाम. शरद येईपर्यंत मारेन पुन्हा कामाला लागली.

कॉरीन एकदा बोलून गेली होती, "असलं दुखणं पुष्कळदा आपोआपही बरं होतं गं." त्यावर मारेन काही दिवस कॉफीला आली नव्हती. तेव्हापासून पाठीच्या बाबतीत मारेनचा कायदा एकच: डॉक.

आणि आता पुन्हा तेच सुरू झालं होतं, निदान कॉरीनला तसं वाटत होतं. रविवारी जेवायला तिघं बसली. व्हर्लिनच्या बहिणीनं पाठवलेली लेफ्से होती, बटाट्याची पातळ मऊ पोळी, लोणी-साखर लावून गुंडाळलेली. शिवाय भाजलेलं मांस, बटाटे. मारेन खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"नीट बस की," कॉरीन म्हणाली.

"नीटच बसलेय."

"कडेवर बसलीयस. कोंबडी बसते तशी."

"आई, जेवताना तपासणी नको. बाबा, सांगा ना हिला."

"मी बटाटे खातोय," व्हर्लिन म्हणाला.

"पाठ दुखतेय का?"

"पाठ कुणाची दुखत नाही? या गावात पाठ दुखत नाही तो माणूस मेलेला असतो." मारेन हसली. "शुक्रवारी डॉककडे जातेच आहे. झालं समाधान?"

"पायात मुंग्या येतात?"

मारेननं लेफ्सेचा तुकडा तोंडात घातला. तो चावायला तिला फार वेळ लागला. "घोड्यांनी पायावर पाय दिला की येतात," ती म्हणाली.

कॉरीननं नवऱ्याकडे पाहिलं. व्हर्लिन ताटाकडे बघत होता.

बुधवारी शाळेला सुट्टी होती. मारेन सकाळी एनॉसच्या शेतावर गेली आणि खाण्याचा डबा स्वयंपाकघरातच विसरली. कॉरीनला निमित्तच मिळालं. डबा घेऊन ती तिकडे पोचली, तर तबेल्यासमोर मारेन आणि एनॉस समोरासमोर उभे, आणि मध्ये एनॉसचा बग्गीचा घोडा, तांबूस, उंच, मान खाली घातलेला. मारेनच्या हातात त्याच्या मागच्या पायातून काढलेला नाल होता.

"बघा एनॉस, टाचेला जाड आहे, आणि टोकाला? कागदासारखा झालाय." तिनं नाल उजेडात धरला. "तो टोक घासत चालतो. मागचा उजवा पाय उचलत नाहीये."

"आळशी झालाय. पुढे जाड नाल मार, म्हणजे टिकेल."

"आळशी घोडा दोन्ही पाय ओढतो. हा एकच ओढतोय."

"मग माझ्या मेव्हण्यानं त्या माणसाला बोलावलं होतं, घोड्यांची पाठ बसवणारा, त्याला आणू? त्याच्या हाताला गुण आहे म्हणतात."

"आणा, पण नंतर. आधी पशुवैद्य. पायात जोर का नाही हे कळल्याशिवाय पाठीला कुणीही हात लावायचा नाही. मीसुद्धा नाल मारणार नाही."

एनॉसनं दाढीवरून हात फिरवला. "शनिवारी लग्न आहे पोरी. बग्गी कोण ओढणार?"

"बेसला जुंपा."

"बेस? बग्गीला? लोक हसतील मला!"

"हसू देत. घोडा राहील तरी." मग तिचा आवाज मऊ झाला. "एनॉस, नुसतं दुखत असेल तर थांबता येतं. पाय घासायला लागला की थांबायचं नसतं. हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही मला शिकवलंय अर्धं."

एनॉसनं घोड्याच्या मानेवर थोपटलं आणि मुकाट्यानं रस्त्याच्या टोकाला असलेल्या टेलिफोनच्या खोपटाकडे चालू लागला. आमिश लोकांनी टेलिफोन घराबाहेर ठेवलाय, पण ठेवलाय.

कॉरीन कुंपणाशी उभी होती. तिचा ऊर अभिमानानं भरून आला. लग्नाची बग्गी अडवून, हातचं काम नाकारून, बापाच्या वयाच्या माणसाला ही पोर नाही म्हणाली होती, आणि तो तिच्या शब्दावर चालत निघाला होता. वर्गात पदवीचं महत्त्व सांगणाऱ्या कॉरीनला कुठल्याच पदवीदानात असं वाटलं नसतं. मारेननं वळून पाहिलं आणि ओरडली, "अगं आई, डबा! देव भलं करो तुझं," आणि तिच्याकडे यायला निघाली.

तबेल्यासमोर लाकडाचा भुसा पसरलेला होता. मारेन चालत आली तशी तिच्या मागे बुटांचे ठसे उमटत आले. डाव्या बुटाचे ठसे सुटे, स्वच्छ. उजव्या बुटाच्या प्रत्येक ठशापुढे एक रेघ ओढली गेली होती.

मारेन डबा घेऊन पुन्हा तबेल्यात गेली. कॉरीन त्या रेघांकडे बघत राहिली. एनॉसच्या कुत्र्यानं भुशात लोळण घेऊन त्या पुसल्या, तरी तिला त्या दिसतच होत्या.

संध्याकाळी मारेन आपल्या घरी गेल्यावर कॉरीन मागच्या दाराशी गेली. कामाचे बूट नेहमीसारखे पडले होते. उजव्या बुटाच्या टोकाला राखाडी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती तिनं आधीही पाहिली होती; इथे ट्रकच्या फाटलेल्या सीटपासून गळक्या नळापर्यंत सगळ्याला तीच पट्टी लावतात, त्यामुळे मनात काही आलं नव्हतं. तिनं नखानं पट्टीचं टोक उकललं आणि ओढलं. खाली पट्टीचा आणखी एक थर निघाला, तो जुना. त्याखाली कातडं नव्हतंच. बोटांच्या रक्षणासाठी आत बसवलेली पोलादी वाटी उघडी पडली होती आणि घासून घासून आरशासारखी चकाकत होती.

म्हणजे मारेनला ठाऊक होतं. एकदा नव्हे, दोनदा तिनं ते झाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारेन बूट घालायला आली, तेव्हा ते तिच्या आईच्या मांडीवर होते.

"हे काय आहे?" कॉरीननं विचारलं.

"बूट."

"मारेन."

"जुने झालेत. नवे घेणार आहे."

"डावाही तितकाच जुना आहे. त्याचं टोक शाबूत आहे." कॉरीननं आवाज शाळेतला केला. "हा नाल एखाद्या घोड्याच्या पायातून निघाला असता, तर काय केलं असतंस?"

मारेन भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं नेहमीचं हसू यायला निघालं आणि अर्ध्यातच विरलं. "मी घोडा नाहीये, आई."

"घोडा असतीस तर काल तुला पशुवैद्य मिळाला असता."

बाहेर व्हर्लिन ट्रॅक्टर सुरू करत होता. इंजिन खोकत होतं आणि बंद पडत होतं.

"केव्हापासून?" कॉरीननं विचारलं.

"बर्फ वितळल्यापासून. आधी नुसती चमक यायची मांडीतून. मग पाऊल जरा जड वाटायला लागलं. जिन्यावर अडकतं कधीकधी."

"डॉकना सांगितलंस?"

"नाताळानंतर गेलेच नाही त्यांच्याकडे. उद्या जातेय ना."

"उद्या सांगणार आहेस?"

मारेन खाली बसली, कोपऱ्यातले रबरी बूट पुढे ओढले, आणि उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घातला. कॉरीनला ते बघवेना.

"इस्पितळात चल. आजच. मी शाळेला कळवते."

"नाही."

"अगं, ही नस दबलीय. असंच राहिलं तर पाय..."

"माहितीये मला!" मारेन ओरडली, आणि मग अगदी हळू म्हणाली, "आई, मागच्या वेळी ते म्हणाले दुसरं काम बघा. या वेळी ते विचारणारच नाहीत, नुसतं सांगतील. मी तिथे ते ऐकायला जाऊ? मला दुसरं काही येत नाही. आणि यायलाही नकोय." ती उठली, भिंतीला धरून. "उद्या डॉक बघतील. ते म्हणतील ते करीन. इस्पितळ म्हणाले तर इस्पितळ. पण त्यांच्या तोंडून आलं पाहिजे."

"शब्द?"

"शब्द," मारेन म्हणाली, आणि खाली बघत पायऱ्या उतरली. ट्रकचं दार बंद व्हायलाही आता वेळ लागत होता.

कॉरीन शाळेत गेली. तिसऱ्या तासाला मणक्यांचाच धडा निघाला. कमरेच्या शेवटच्या मणक्यांपाशी छडी थांबली. इथून निघणारी नस खाली पायापर्यंत जाते, तिनं सांगितलं, आणि पाऊल वर उचलायचं काम या नसेचं. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "आणि ती दबली तर?" कॉरीन म्हणाली, "तर लवकर जाऊन दाखवायचं." तेवढंच बोलून तिनं फळा पुसला.

दुपारी घरी आली तेव्हा व्हर्लिन स्वयंपाकघरात हात धूत होता. तिनं बूट त्याच्यासमोर ठेवला. त्यानं अंगठा त्या चकचकीत पोलादावरून फिरवला आणि खुर्चीत बसला.

"तिनं शब्द दिलाय," कॉरीन म्हणाली, "डॉक म्हणतील ते करीन म्हणून. पण उद्या ती त्यांना सांगेल काय? कंबर धरलीय म्हणेल. बूट तर दाराबाहेरच राहणार. त्यांना हे दिसणार कसं?"

"डॉक आंधळे नाहीत गं."

"नाहीत. पण ती हुशार आहे. तुला-मला दोन महिने दिसलं का?"

व्हर्लिननं मान हलवली. "मग तू इस्पितळात फोन कर. वेळ घे."

"आणि ती जाईल?"

दोघांनाही उत्तर ठाऊक होतं. मारेनला मनातून खात्री पटवणारी माणसं जगात मोजकी होती. आई त्यांत नव्हती. आईच्या वर्गातला सांगाडाही नव्हता.

डॉकना फोन करायचा, तर काय म्हणून? इतकी वर्षं ज्यांच्या हातांची थट्टा केली त्यांना सांगायचं, की माझ्या मुलीला हात लावू नका? ते दुखावतील. किंवा हसतील. किंवा म्हणतील, आणा तिला, दोन आठवड्यांत बसवतो. आणि मग ती त्यांच्यावर विश्वास टाकून पडून राहील, इकडे पाऊल दिवसेंदिवस जड होत जाईल. कॉरीनला नेमकी त्याचीच भीती वाटत होती.

तेव्हा तिला गेल्या हिवाळ्यातलं चर्चचं तळघर आठवलं. कुणीतरी डॉकच्या हाताचा गुण वाखाणत होतं, आणि कॉरीन नेहमीसारखं काहीतरी बोलली होती. डॉकनी कॉफी ढवळत, या वेळी न हसता, म्हटलं होतं, "मास्तरीणबाई, मी ज्यांना हात लावला त्यांच्याच गोष्टी गावात फिरतात. ज्यांना दारातूनच इस्पितळात पाठवलं, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही." तेव्हा तिला ती बढाई वाटली होती. आज ते शब्द तिनं पुन्हा मनात वाजवून पाहिले, मारेन ऐरणीवर नाल वाजवून बघते तसे. खोटे वाटले नाहीत. बादली पालथी घालून बसलेला तो म्हातारा तिच्या डोळ्यांसमोर आला. आधी काम दाखव, म्हणाला होता. इस्पितळातल्या कुणी ते विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिनंही नाही.

डॉकनी पाठवलं तर मारेन इस्पितळात जाईल. आणि मान खाली घालून नाही जाणार. डॉक सोबत चिठ्ठी देतील, ही बाई काय काम करते, तिला परत त्याच कामाला लागायचंय, हे सांगतील. कदाचित तो तरुण डॉक्टर या वेळी विचारेल. नाही विचारलं तर कॉरीन स्वतः सांगेल. चोवीस नाल एका तालात कसे वाजतात इथपासून सुरुवात करेल, आणि तो ऐकून घेईपर्यंत खुर्चीतून उठणार नाही.

"मी डॉकना फोन करते," ती म्हणाली.

व्हर्लिननं भुवया वर केल्या. "तू?"

"मी."

"काय सांगणार?"

कॉरीननं बूट उचलून टेलिफोनशेजारी ठेवला. पोलादी टोकावर खिडकीतला उजेड पडला होता. काय सांगायचं ते तिला शोधावं लागणार नव्हतं. मुलीनं काल एनॉसच्या तबेल्यासमोर, हातात नाल धरून, सगळं सांगून ठेवलं होतं. तेच शब्द, त्याच क्रमानं. पायात जोर का नाही हे कळल्याशिवाय पाठीला कुणीही हात लावायचा नाही.

पाच वाजायला आले होते. कोठाराशेजारच्या त्या पांढऱ्या घरात डॉक अजून असतील. कॉरीननं फोन उचलला.